तटबंदीची गावे : दमण ते जंजिरा



रामाकोन्यापाशी कन्हानेत पडलेले पान पश्चिमेकडे कधी जात नाही. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि ते पान, वाटेत कोठे अडकले नाही तर, पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते. कन्हानकाठच्या माणसाचा समुद्र असा नदीच्या हिशेबाने पूर्वेचा आहे. भाषेच्या हिशेबाने मात्र तो पश्चिमेचा आहे. ज्या किनाऱ्यावर मराठी बोलली जाते तो किनारा सह्याद्रीच्या पलीकडे, सात-आठशे किलोमीटर दूर आहे. सौंसर-पांढुर्णा भागातील अनेक घरांनी तो पाहिला आहे तो बहुधा पुस्तकांतूनच. आजच्या विवेचनाचा विषय त्या किनाऱ्यावरची हिवाळी वाट आणि त्या वाटेवरची जुनी तटबंदीची गावे हा आहे. अशा ग्रंथालयाच्या शताब्दीत समुद्राच्या किल्ल्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर वाट संपेपर्यंत आपोआप मिळावे.

पौष हा या प्रवासाला योग्य महिना. इकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी आटोपत आलेली असते, खोक्यांनी भरलेले ट्रक नागपूरच्या रस्त्याला लागलेले असतात आणि पहाटे शेकोटीभोवती बसल्याशिवाय बोटे वळत नाहीत. तिकडे कोकणात आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते, समुद्र शांत असतो, होड्या चालू असतात आणि पावसाळ्यात तटांवर माजलेले रान वाळून दगड मोकळा झालेला असतो. पूर्वी रामाकोन्याहून नागपूर गाठायचे तर छोट्या रेल्वेत बसावे लागे. ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली थांबली. आता नागपूरहून समृद्धी महामार्ग निघतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झाला. पहाटे निघालेली मोटार सूर्यास्ताच्या सुमारास सह्याद्री उतरू शकते. तेथून उत्तरेला वळून दमण गाठावे आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे यावे. हा क्रम इतिहासालाही धरून आहे. पोर्तुगीज ज्याला ‘उत्तर प्रांत’ म्हणत तो मुलूख दमणपासून चौलपर्यंतच पसरलेला होता आणि वसई ही त्याची राजधानी होती.

दमणगंगा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावते आणि दमणपाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दोन्ही तीरांवर दोन किल्ले आहेत. उत्तर तीरावर नानी दमणचा लहान कोट, दक्षिण तीरावर मोटी दमणचा मोठा. पोर्तुगीजांनी १५५९ साली हे ठाणे घेतले आणि मोटी दमणभोवती बुरुजांची भक्कम तटबंदी बांधली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आसपासचा मुलूख मराठ्यांनी घेतला तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिले आणि थेट डिसेंबर १९६१ मध्ये भारतात आले. चारशे दोन वर्षे एकाच सत्तेखाली राहिलेले हे गाव. त्यापूर्वी सात वर्षे, २ ऑगस्ट १९५४ रोजी, जवळच्या सिल्व्हासावर तिरंगा लागला होता. त्या मुक्तिसंग्रामात भाग घेणाऱ्या मराठी तरुणांत संगीतकार सुधीर फडके होते, हे येथील जाणत्या श्रोत्यांना ठाऊक असेल.

मोटी दमणच्या दरवाजातून आत शिरणाऱ्याला प्रथम आश्चर्य वाटते ते एवढ्याचेच, की आत गाव आहे. किल्ला म्हटला की पडक्या भिंती, घाणेरीचे रान आणि सरकारी फलक अशी सवय झालेली असते. येथे तटाच्या आत सरळ रस्ते आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, कौलारू घरे आहेत, १६०३ साली अभिषेक झालेले बों जेजूचे चर्च आहे आणि त्यात आजही प्रार्थना होते. कचेरीत कामाला आलेली माणसे दरवाजाच्या सावलीत स्कूटर लावतात. दाराच्या कमानीकडे कोणी मान वर करून पाहत नाही. गावातील काही ख्रिस्ती कुटुंबांत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. तिचे त्यांनी दिलेले नाव आहे ‘लिंगुआ द काझा’, म्हणजे घरची भाषा. तट शाबूत आहे म्हणून गाव टिकले, असे येथे सहज वाटते. वस्तुतः कारण उलटे असावे. सत्ता बदलली तरी कचेरी हलली नाही, चर्च बंद पडले नाही, घरांत चूल पेटत राहिली. आत माणसे राहत होती म्हणून तट सांभाळला गेला. पण एका गावावरून असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पुढची गावे पाहून मगच बोलावे.

दमणहून निघालेला रस्ता पालघर जिल्ह्यात येतो. आडवाटेने किनाऱ्याला गेल्यास तारापूर, शिरगाव, केळवे, माहीम ही ठाणी एकामागून एक लागतात. १७३७ ते १७३९ या मोहिमेत ही एकेक ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरला जानेवारी १७३९ मध्ये बाजी भीवराव रेठरेकर पडले. आज तेथे नारळाच्या वाड्या, मासळीच्या टोपल्या आणि शाळेला निघालेली मुले दिसतात. या किनाऱ्याची कहाणी सांगणारी ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. किनाऱ्यावरच्या कुळांनी आपल्या जमिनी, आपले हक्क आणि आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी जपल्या, आणि मग एक संशोधक तेथे पोचला. गढ्या पडल्या, कागद उरला. ग्रंथालयाच्या उत्सवात एवढे तरी आवर्जून सांगितले पाहिजे.

वसईला पोचल्यावर चित्र पालटते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षे तेथे जे शहर वाढले ते वैभवाचे होते. तटाला एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. आत जेझुइटांचे विद्यालय, फ्रान्सिस्कनांचे व डॉमिनिकनांचे मठ, सरदारांचे वाडे, रुग्णालय, तुरुंग, बाजार. हे सारे आज ओळीने पाहता येते, पण छपरावाचून. सेंट जोसेफच्या मनोऱ्याच्या आतून गोल जिना वर जातो. वरून पाहिले की तटाच्या आत ताडामाडांचे आणि झुडपांचे रान आणि त्यातून डोके काढणाऱ्या कमानी एवढेच दिसते. थडग्यांचे कोरीव दगड जमिनीत आहेत, त्यांच्यावरची नावे वाचणारे कोणी नाही. वर्षातून एकदा संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला एका चर्चमध्ये गर्दी होते. ते वसईचेच सुपुत्र. १५९७ साली जपानातील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर प्राण द्यावे लागले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

वसईचा पाडाव हा मराठी मनाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो असावाच. सुरुंग लावून बुरूज फोडले गेले, भगदाडात दोन्ही बाजूंची माणसे कापली गेली आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कलमांवर सह्या केल्या. चिमाजी अप्पांनी दिलेली कलमे उदार होती. शिबंदीला शस्त्रांसह, मानाने आणि कुटुंबकबिल्यासह बाहेर पडू दिले गेले. वसईच्या चर्चमधील घंटा देशावरच्या देवळांत पोचल्या असे सांगतात. नाशिकच्या रामेश्वराच्या मंदिरातील ‘नारोशंकराची घंटा’ त्यांपैकीच एक. ही विजयाची बाजू झाली. पुढची बाजू फारशी कोणी सांगत नाही. मराठ्यांनी गावाला ‘बाजीपूर’ हे नवे नाव दिले, पण ते रुळले नाही. १७८० साली इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत मिळाला. १८०२ च्या ३१ डिसेंबरला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर लिहून दिले. ज्या तटावर चढण्यासाठी एवढे रक्त सांडले त्याच्या आश्रयाला त्रेसष्ट वर्षांनी पेशवा यावा, आणि त्या तटाने त्याचे काहीही राखू नये, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

तटाच्या आत शहर का उरले नाही, हा प्रश्न वसईत टाळता येत नाही. लढाईत ते जळून गेले नव्हते. ज्यांचे ते शहर होते ते निघून गेले आणि ज्यांच्या हाती आले त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांना ठाणे हवे होते, शहर नको होते. बाहेरच्या गावांतील लोक तटाच्या आत राहायला गेले नाहीत. कारण तटाच्या आतले जगणे कधी त्यांचे नव्हतेच. आणि म्हणूनच, वसईचे खरे उत्तर किल्ल्याबाहेर पाहावे लागते. किल्ल्याशेजारच्या कोळीवाड्यात या दिवसांत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. आगाशीकडे केळी सोलून, वाळवून सुकेळी करण्याची जुनी रीत आहे. वाड्यांतून पाट वाहतात. तेथील ख्रिस्ती समाजाच्या घरांत पोर्तुगीज उरलेली नाही. तेथे सामवेदी आणि वाडवळी बोलल्या जातात आणि त्या मराठीच्याच लेकी आहेत. दोनशे वर्षांची सत्ता, धर्मांतर, मठ, विद्यालय यांतील कशानेही या बोलींना हलवता आले नाही. याच मातीत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ च्या जुलैमध्ये ते निवर्तले. तटाच्या आतले शहर नाहीसे झाले, तटाबाहेरची भाषा संमेलनाच्या व्यासपीठावर जाऊन पोचली.

वसईहून दक्षिणेकडे आले की मुंबई लागते. तेथे पाहण्याजोगी तटबंदी नाही, आणि नेमके तेच पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी मुंबईभोवती कोट बांधला. त्याला अपोलो, चर्च आणि बझार असे तीन दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तो सारा तट पाडून टाकण्यात आला. शहराला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. आज तेथे दररोज लाखो माणसे ‘चर्चगेट’ स्थानकावर उतरतात आणि ‘फोर्ट’मध्ये कामाला जातात. दरवाजा नाही, कोट नाही. नावे मात्र तोंडी आहेत. दमणला तट होता आणि गाव टिकले, वसईला तट होता आणि गाव बुडाले, मुंबईने तट पाडला आणि गाव वाढले. केवळ दगडाच्या बळावर गावाचे भवितव्य ठरत असते, तर या तीन ठिकाणी तीन निकाल लागते ना.

जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सेतूवरून खाडी ओलांडली की पेण, वडखळ करीत मोटार अलिबागेत येते. या दिवसांत अलिबाग तालुक्यातल्या शेतांत संध्याकाळी धूर दिसतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे भरायचे, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. हिलाच पोपटी म्हणतात. सौंसरच्या शेतात ज्वारीच्या हुरड्याभोवती जी माणसे बसतात, तशीच ही वालाच्या शेंगांभोवती बसलेली असतात. गप्पांचे विषयही फारसे निराळे नसतात : पाऊस, भाव, मुलांच्या नोकऱ्या आणि कोणाचे लग्न ठरले ते.

अलिबागहून चौल. हे बंदर इतके जुने की ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव ‘सेमिल्ला’ असे येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसूदी येथे आला होता. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभे आहे. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखार घातली आणि निजामशाहाच्या परवानगीने लहानसा किल्ला बांधला. वरचे चौल निजामशाहीचे, खालचे म्हणजे रेवदंडा पोर्तुगीजांचे.

रेवदंड्याची हकीकत या साऱ्या वाटेवर सर्वांत बोधप्रद आहे. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशाहाने प्रचंड सैन्य घेऊन या गावाला वेढा घातला. त्या वेळी गावाभोवती तट नव्हता, फक्त एक किल्ला होता. आतल्या लोकांनी खंदक खणले, घराघरांची ठाणी केली, मठांच्या भिंतींमागून लढा दिला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ गाव राखले. १५७१ च्या जुलैमध्ये तह झाला आणि निजामशाह मागे फिरला. या धड्यानंतर पोर्तुगीजांनी गावाभोवती भक्कम तट उभारला. समुद्राकडून, खाडीकडून, जमिनीकडून गाव बंद झाले. आणि पुढे? वसई पडल्यावर हे गावही कोंडीत सापडले आणि १७४० साली वाटाघाटींत ते मराठ्यांना देऊन टाकण्यात आले. तट नसताना जे गाव लढून राखले, ते तट असताना लेखणीच्या फटकाऱ्याने गेले. १५७१ मध्ये आतल्या माणसांना ते गाव आपले वाटत होते. १७४० मध्ये दूरच्या गोव्यातील सत्तेला ते सौद्यात देण्याजोगे वाटले. दोन्ही प्रसंगांतील फरक एवढाच आहे.

आज रस्ता रेवदंड्याच्या तटाला छेदून थेट आत जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, अंगणात सुपाऱ्या वाळत आहेत, रहाटाच्या विहिरी आहेत. वाडीच्या मधोमध एखादी पोर्तुगीज कमान उभी असते आणि तिच्या खांबाला गाईचे दावे बांधलेले असते. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा ‘सातखणी’ मनोरा आता सात खणांचा राहिलेला नाही, पण नाव तेच. वसईचे शहर ओसाड झाले, रेवदंड्याचे शहर वाडी झाले. ज्यांना जमीन कसायची होती त्यांनी ती आपली केली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे बरे झाले असे म्हणता येणार नाही. पण ती वस्ती निर्जीव नाही, हेही मान्य केले पाहिजे.

याच परिसरात बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले गेले. किहीमकर, नवगावकर अशी गावांवरून घेतलेली आडनावे त्यांनी लावली. धर्म ज्यूंचा, घरची भाषा मराठी. बायबलमधील कथांवर त्यांनी मराठी कीर्तनेही केली. त्यांच्याभोवती कधी तट नव्हता. इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आणि तेथे गेल्यावर त्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालवले. रेवदंड्याचे सिनेगॉग मात्र अजून गावात आहे.

रेवदंड्याच्या दक्षिणेला कुंडलिकेची खाडी आहे. पूल ओलांडून पलीकडे गेले की समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० साली रेवदंड्याबरोबरच तो मराठ्यांकडे आला. किल्ल्यावर आज चर्चचे अवशेष, पाण्याची टाकी आणि वारा. पण डोंगराच्या पायथ्याला कोर्लई हे गाव आहे आणि त्यातील ख्रिस्ती वस्तीत एक आश्चर्य जपलेले आहे. पोर्तुगीज निघून गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी या वस्तीतील सुमारे हजारभर माणसे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात. अर्थ एवढाच, आमची भाषा. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिला लिपी नाही, शाळा नाही, सरकारी मान्यता नाही. शिबंदी गेली, पाद्री बदलले, बाजार मराठीत, शाळा मराठीत. तरी आईने मुलाला हाक मारली ती त्याच भाषेत. किल्ला डोंगरावर पडला. भाषा पायथ्याशी, अंगणात राहिली.

कन्हानकाठच्या श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. कोर्लईत मराठी ही मोठ्या घरची भाषा आहे. शाळेची, कचेरीची, नोकरीची भाषा तीच. तेथील तरुण आईशी एका भाषेत बोलतो आणि बसच्या कंडक्टरशी दुसऱ्या. आपल्या मुलांनी घरची बोली शिकावी की शाळेत उपयोगी पडेल तीच घरातही बोलावी, असा प्रश्न तेथील आईबापांपुढे असतो. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा येथे हाच प्रश्न मराठीच्या बाबतीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशची राजधानी असलेले नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. आदल्या दिवसापर्यंत ज्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते, तेथे हिंदीचे एकटीचे राज्य आले. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून नवा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा बदललेली नाही. हिंदीशी वैर करण्याचे काहीच कारण नाही. ती शेजारीण आहे, आणि तिच्यामुळे या भागातील मुलांना देशभर वाटा खुल्या होतात. परंतु कोर्लईच्या अंगणात उभे राहिले की कळते : मोठी भाषा लहान भाषेवर हल्ला करीत नाही. ती नुसती सोयीची असते. लहान भाषा हरते ती घरात, एका पिढीने दुसरीशी बोलायचे सोडले म्हणून. आणि मराठीने हेही ध्यानात ठेवावे की कन्हानकाठी ती ज्या भूमिकेत आहे, त्याच्या अगदी उलट भूमिकेत ती कुंडलिकेकाठी आहे. येथे सहानुभूती मागणाऱ्याने तेथे ती द्यावी.

वाटेचा शेवट मुरुडला होतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी जंजिऱ्याला जाते. पौषातला मतलई वारा सकाळी जमिनीकडून सुटतो आणि दुपारनंतर फिरतो. होडीवाल्यांची सारी गणिते त्यावर चालतात. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. एकोणीस बुरुजांचा हा जलदुर्ग सिद्दींनी तीनशे वर्षांहून अधिक काळ राखला. शिवछत्रपतींनी त्याच्यावर मोहिमा काढल्या, समोरच्या खडकावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला. पोर्तुगीज, इंग्रज, पेशवे यांपैकी कोणालाही तो बळाने घेता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाही तटाचा एक चिरा हललेला नव्हता.

अजिंक्य तटाच्या आत आज काय आहे? गोड्या पाण्याचे दोन तलाव, कलालबांगडीसारख्या तोफा, पडक्या वाड्याच्या भिंती, मशिदी, आणि घरांचे चौथरे. विसाव्या शतकापर्यंत येथे माणसे राहत होती. मग हळूहळू उठली. शाळा किनाऱ्यावर, दवाखाना किनाऱ्यावर, रोजगार किनाऱ्यावर. दररोज होडीने जाण्यायेण्याला माणसे कंटाळली. शत्रूला जे शतकानुशतके साधले नाही ते गैरसोयीने एका पिढीत करून दाखवले. संध्याकाळची शेवटची होडी सुटली की जंजिऱ्यावर कोणीही राहत नाही.

सभासदहो, दमण ते जंजिरा या वाटेचा निष्कर्ष आता मांडता येईल. तट निरुपयोगी असतो असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. संकटाच्या वेळी तो आडोसा देतो, सवड देतो. पण तटाला गाव राखता येत नाही. वसईचा पडला, रेवदंड्याचा सोडून दिला गेला, मुंबईचा पाडला, जंजिऱ्याचा अभंग राहिला. गाव टिकले ते जेथे माणसांचा रोजचा राबता राहिला तेथे, आणि भाषा टिकली ती जेथे रोजच्या तोंडी राहिली तेथे.

ग्रंथालयाला लावायचे ते मापही हेच. शंभर वर्षे झालेली इमारत, कपाटे, बांधीव नोंदवह्या, दाखल अंक घातलेली पुस्तके ही एक तटबंदीच आहे. ती हवी, तिची डागडुजीही हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तोही एक मानाचा बुरूज आहे. पण सातखणी मनोरा उंच होता म्हणून रेवदंडा राहिले नाही. या भागातील अनेक घरांतील मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी बोलता येते. वाचता येतेच असे नाही. सुदैव एवढे की दोन्ही भाषांची लिपी एकच आहे. ज्या मुलाने हिंदीची बाराखडी गिरवली, त्याला मराठी पुस्तक उघडायला नवी लिपी शिकावी लागत नाही, फक्त कोणी तरी पुस्तक हाती द्यावे लागते. कोर्लईच्या मुलाला एवढीही सोय नाही, आणि तरी त्याच्या आईने हार मानलेली नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाने एक काम करावे. ते खर्चाचे नाही. पुढच्या वेळी पुस्तक बदलायला येताना घरातील एका मुलाला सोबत आणावे, त्याच्या नावावर एक पुस्तक घ्यावे आणि त्यातील चार पाने रात्री त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. तो अडखळेल, हिंदीच्या वळणाने उच्चार करील, ‘ळ’ला ‘ल’ म्हणेल. त्याला हसू नये. वाचू द्यावे.

जंजिऱ्याची शेवटची होडी सुटते तशी या ग्रंथालयातून संध्याकाळी शेवटचा वाचक बाहेर पडतो आणि दाराला कुलूप लागते. दुसऱ्या दिवशी ते उघडल्यावर आत येणारा कोणी तरी असला पाहिजे.